मुक्या सोबत्याचे जाणे



यंदा दैवी दयेच्या रविवारी आम्ही मिस्साला उशिरा पोहोचलो. पहिले वाचन सुरू झाले होते. मागच्या बाकावर जागा मिळाली. चपलांना ओली माती लागलेली होती. मिस्सा संपल्यावर आवारात दोघा-तिघांनी विचारले, "आज उशीर कसा झाला?" आम्ही म्हणालो, "घरी जरा काम निघालं."

ते खरे नव्हते. त्या दिवशी पहाटे आमच्या घरचा कुत्रा गेला होता. उजाडायच्या आत त्याला शेताच्या धुऱ्यावर पुरून आम्ही देवळात आलो होतो. हे सांगायची आम्हांला लाज वाटली. ज्या देवळात आपण एकमेकांची दुःखे वाटून घेतो, तिथेच हे दुःख लपवावेसे का वाटले? हा प्रश्न गेले काही आठवडे आमच्या घरात घोळत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दारी, अंगणात, शेतावर मुके जीव आहेत. आज ना उद्या हा प्रसंग त्यांच्यावरही येईल. म्हणून हा लेखनप्रपंच.

शेरू मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास घरी आला, तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता. शेतावरच्या कुत्रीच्या पिल्लांपैकी एक, जात-बीत काही नाही. आमच्या धाकटीने त्याला पिशवीतून आणले. आजी आधी कुरकुरली, पण आठच दिवसांत तो आजीच्याच खाटेखाली झोपू लागला. आजीला हल्ली कमी दिसते. ती अंगणात उतरली की तो पुढे चालायचा आणि ती थांबली की थांबायचा. त्याला कोणी हे शिकवले नव्हते.

ईस्टरनंतरच्या गुरुवारी संध्याकाळी त्याने भाकरी खाल्ली नाही. शुक्रवारी सकाळी दोनदा उलटी केली. आम्ही म्हटले, ऊन किती तापते आहे, उन्हानेच झाले असेल. ताक पाजले, सावलीत बांधले आणि आपापल्या कामाला गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा तो उठत नव्हता, आणि जुलाबात रक्त होते. शनिवारी सकाळी त्याला गोणपाटावर घालून गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पाहताक्षणी विचारले, "लस झाली होती का?" आम्ही गप्प बसलो. ते म्हणाले, "पार्व्हो आहे."

सलाईन लावले, इंजेक्शने दिली. या रोगाच्या विषाणूवर नेमके असे औषध नाही. शरीरातले पाणी टिकवून धरायचे, उलट्या थांबवायच्या, दुसरे जंतू बळावू द्यायचे नाहीत आणि कुत्र्याचे शरीर स्वतः झुंज देते का ते पाहायचे, एवढेच हाती असते. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "नागपूरला नेऊन भरती केलं तर कदाचित. खात्री देता येत नाही." गाडीभाडे आणि तिथला खर्च मिळून जी रक्कम होत होती, तेवढी घरात होती. पण ती आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढलेली होती.

आजीला हे कळले. ती म्हणाली, "न्या त्याले. माह्या डोयाचं पुढं पाहू." धाकटी आमच्या तोंडाकडे पाहत होती. आम्ही नेले नाही. रात्रभर त्याच्याजवळ आळीपाळीने बसलो, चमच्याने तोंड ओले करत राहिलो. पहाटे चारच्या सुमारास त्याने मान टाकली. आजीची खाट तिथेच होती. तिने हात खाली सोडून त्याच्या अंगावरून फिरवला आणि क्रुसाची खूण केली.

एवढीच ही गोष्ट. पहिल्या उलटीपासून शेवटच्या श्वासापर्यंत दोन दिवसही झाले नाहीत. पण तिने आमच्यापुढे तीन प्रश्न उभे केले. कुत्र्यासाठी एवढे रडणे योग्य आहे का? आमचे चुकले का, आणि चुकले असेल तर कुठे? आणि धाकटीने विचारले ते, "शेरू आता कुठं आहे?"

पहिला प्रश्न. दुसऱ्या दिवशी शेजारच्या एक बाई धीर द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "कुत्रंच तं होतं ना जी, दुसरं आणा." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. आमच्याच मनातले त्या बोलल्या होत्या. आपला यवतमाळ जिल्हा कशासाठी वर्तमानपत्रांत येतो हे आपल्याला ठाऊक आहे. कर्जापायी शेतकरी जीव देतात. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या मातीत माणसांच्या मरणाचीच मोजदाद संपत नाही, तिथे कुत्र्यासाठी डोळे पुसत बसणे हे चैनीचे दुःख तर नव्हे?

आम्ही पवित्र शास्त्र उघडले. दावीद राजाने उरियाची बायको आपली केली आणि उरियाला लढाईत मारवले, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला. त्याने राजाला एक दाखला सांगितला. एका गरीब माणसाकडे एकच मेंढीचे कोकरू होते. ते त्याच्या ताटातले खाई, त्याच्याच पेल्यातून पिई, त्याच्या कुशीत निजे. ते त्याला मुलीसारखे होते. शेजारच्या श्रीमंताने आपल्या कळपाला हात न लावता पाहुण्यासाठी तेच कोकरू कापले. हे ऐकून दावीद संतापला. त्या राजाचे काळीज स्वतःच्या पापाने निबर झाले होते, तरी "कोकरूच तर होते" असे तो म्हणाला नाही. त्या गरीब माणसाने काय गमावले हे त्याला आपोआप कळले. नाथानानेही हाच दाखला निवडला, कारण मुक्या जिवावरचे प्रेम हे माणसाच्या अंतःकरणात शिरायचे दार आहे, हे त्याला माहीत होते.

योना संदेष्ट्याचे पुस्तकही असेच एका प्रश्नाने संपते. निनवे नगराची देवाला दया येते आणि योनाला त्याचा राग येतो. तेव्हा देव त्याला विचारतो की त्या शहरातल्या एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसांची आणि तिथल्या पुष्कळ जनावरांची मी काळजी करू नये काय? देवाने माणसे मोजली आणि जनावरेही विसरला नाही. माणसांची दया आली म्हणून जनावरांसाठी दया उरली नाही, असे झाले नाही.

प्रेम म्हणजे पायलीने मोजून द्यायचे धान्य नव्हे, की कुत्र्याला थोडे दिले तर शेजाऱ्याच्या वाट्याचे कमी होईल. उलट अनुभव असा आहे की, ज्याला मुक्या जिवाचे कण्हणे ऐकू येते त्याला शेजारच्या घरातली शांतता लवकर खटकते. आमच्याकडे खरे सांत्वन करायला कोण आले? दोन घरे सोडून राहणारे एक काका. २०२२ साली विदर्भात लंपीची साथ आली, तेव्हा त्यांच्या बैलजोडीतला एक बैल गेला होता. ते आले, ओसरीवर बसले, चहा घेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत. उठताना म्हणाले, "माहा सर्जा गेला तवा मले दोन दिवस गोठ्यात जाववलं नाही." बस्स, एवढेच. आपल्याकडे पोळ्याला बैलाची पूजा होते, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लहान मुले लाकडी बैल मिरवतात. बैल गेला की घर उपाशी राहते, हे गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मग कुत्र्याच्या बाबतीतच आपण का ओशाळतो? तो नांगर ओढत नाही म्हणून? त्याने तर दुसरे काहीच केले नाही, फक्त सोबत केली. पण सोबत ही काय लहान गोष्ट आहे?

मुंबई पोलिसांनी तरी ती लहान मानली नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी ‘जंजीर’ नावाच्या लॅब्रेडॉर कुत्र्याने स्फोटकांचे साठे हुंगून काढले आणि असंख्य जीव वाचवले. हाडाच्या कर्करोगाने १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला, तेव्हा पोलीस अधिकाऱ्यांनी त्याच्या देहावर पुष्पचक्र वाहून सन्मानाने निरोप दिला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चार श्वान निवृत्तीनंतर विरारजवळ एकत्र राहत होते. २०१६ या एकाच वर्षात ते एकामागून एक गेले, आणि वर्तमानपत्रांनी त्यांच्या बातम्या माणसांच्या निधनाच्या बातम्यांसारख्या छापल्या. आमच्या शेरूने बॉम्ब शोधला नाही, एका म्हातारीला अंगण ओलांडून दिले. देवाच्या हिशेबात या दोन कामांत किती अंतर असेल, ते आम्हांला सांगता येणार नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे की, रडावे. लाजू नये. लेकरांना "उगी, कुत्रंच होतं" म्हणून गप्प करू नये. आज त्याला मुक्या जिवासाठी रडू दिले नाही, तर उद्या माणसासाठी रडायलाही ते शिकणार नाही.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्याच धर्मशिक्षणात स्पष्ट लिहिली आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात प्राण्यांविषयी थोडेच परिच्छेद आहेत, पण ते नेमके आहेत. प्राणी हे देवाचे आहेत, त्यांच्या नुसत्या असण्यानेच देवाचा गौरव होतो, आपण त्यांच्याशी मायेने वागणे हे आपल्यावर देणे आहे, असे तो ग्रंथ सांगतो. त्यांना विनाकारण दुःख देणे किंवा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. त्याचबरोबर, जो पैसा आधी माणसांचे दुःख दूर करायला लागायला हवा तो प्राण्यांवर उधळणे हेही शोभत नाही. प्राण्यांवर प्रेम करावे, पण माणसाच्या हक्काचे प्रेम काढून त्यांना देऊ नये.

शनिवारच्या रात्री आम्हांला हे परिच्छेद आठवत नव्हते. समोर एक कण्हणारे जनावर होते, एक म्हातारी आई होती आणि एकच रक्कम होती. आम्ही आईच्या डोळ्यांची बाजू घेतली. नंतर वाचल्यावर कळले की ख्रिस्तसभाही हेच म्हणते. मग मनाला शांती मिळायला हवी होती. ती मिळाली नाही. धाकटी दोन दिवस आमच्याशी नीट बोलली नाही.

इथून दुसरा प्रश्न सुरू झाला. आमचे चुकले का?

ती रात्र आम्ही पुन्हा पुन्हा मनात चाळवली. नागपूरला न्यायला हवे होते का? आजी "न्या" म्हणत होती, तिचा त्याग आम्ही का नाकारला? तिसऱ्या दिवशी कपाटात काहीतरी शोधताना शेरूचे लसीचे कार्ड हाती लागले. त्यावर एकच शिक्का होता, सप्टेंबरचा. पुढच्या डोसची तारीख डॉक्टरांनी पेनने लिहून दिली होती. त्यापुढचे रकाने कोरे होते.

तेव्हा लख्ख दिसले. शनिवारच्या रात्री आमचे चुकले नव्हते. आमचे चुकले होते ऑक्टोबरमध्ये. सोयाबीनची सोंगणी होती म्हणून ती तारीख टळली. मग दिवाळी आली, मग कापसाची वेचणी, मग नाताळ. "जाऊ पुढच्या आठवड्यात" असे म्हणत सहा महिने गेले. काही शे रुपयांचा आणि अर्ध्या दिवसाचा प्रश्न होता. आणि दुसऱ्यांदा चुकले शुक्रवारी सकाळी, जेव्हा आम्ही त्याला ताक पाजून कामाला गेलो. या रोगात पहिले काही तासच मोलाचे असतात, हे आम्हांला माहीत नव्हते. पण तो नेहमीसारखा नाही, हे तर डोळ्यांना दिसत होते.

बंधुभगिनींनो, हेच आम्हांला या लेखात मुख्य सांगायचे आहे. एखादा जीव गेला की आपण शेवटच्या रात्रीचा हिशेब मांडत बसतो. अजून एक डॉक्टर पाहायला हवा होता, अजून थोडा पैसा घालायला हवा होता, असे म्हणतो. शेवटच्या रात्री सगळेच प्रेम करतात, तेव्हा प्रेम करणे अवघड नसते. खरी कसोटी असते ती ऑक्टोबरमधल्या एखाद्या कामाच्या दिवशी, जेव्हा काहीच दुखत नसते, कोणी रडत नसते आणि कार्डावर फक्त एक तारीख असते. राखणदारी म्हणजे ती तारीख पाळणे.

उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने माणसाला इतर जिवांवर सत्ता दिली, असे आपण ऐकतो. पण त्याच पुस्तकात देव माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मालक आणि राखणदार यांत फरक आहे. मालकाचे नुकसान होते, राखणदाराला जाब द्यावा लागतो. शेरू आमचा नव्हता. तो आमच्याकडे राखायला दिला होता. आम्हांला दुःख झाले त्यात नुकसानीचे दुःख होते, पण त्याच्या तळाशी दुसरे काही होते, आणि त्याचे नाव पाप असे होते. मोठे नव्हे, लहानच. पण ते "त्याचे आयुष्यच तेवढे होते" असे म्हणून झाकण्यासारखे नव्हते. पुढच्या शनिवारी पापनिवेदनाला गेलो तेव्हा आम्ही ते सांगितले. कोणाला हसू येईल. फादर हसले नाहीत.

आणि एकदा हे दिसले की ते फक्त कुत्र्यापुरते राहत नाही. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या केव्हा संपल्या? घरातल्या बाळाच्या लसीची तारीख कोणती? फवारणीला जाणाऱ्या मजुराला आपण मोजे आणि तोंडाला बांधायला फडके देतो, की "एका दिवसाने काय होतं" म्हणतो? कर्जाच्या ओझ्याखाली गप्प झालेल्या शेजाऱ्याच्या ओसरीवर आपण केव्हा बसणार आहोत, सोंगणी झाल्यावर, की वेचणी झाल्यावर? माणसांच्या बाबतीतही आपण बहुधा ऑक्टोबरमध्येच चुकतो आणि एप्रिलमध्ये रडतो. शेरूचे कोरे रकाने पाहिल्यावर आम्ही आधी आजीच्या ऑपरेशनची तारीख पक्की केली. ते आता झाले आहे. पट्टी सुटल्यावर तिने सवयीने खाटेखाली पाहिले.

आता धाकटीचा प्रश्न. "शेरू आता कुठं आहे?"

इथे आमच्याकडून आणखी एक चूक होता होता राहिली. एका नातेवाइकाने मोबाईलवर एक मजकूर पाठवला. पोप फ्रान्सिस यांनी कुत्रा गेलेल्या एका लहान मुलाला सांगितले होते की स्वर्गाचे दार देवाच्या सर्व प्राण्यांना उघडे आहे, असे त्यात होते. आम्हांला हायसे वाटले. आम्ही तो मजकूर धाकटीला वाचूनही दाखवला. नंतर फादरांना विचारले तेव्हा कळले की ही गोष्ट डिसेंबर २०१४ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापली होती आणि ती चुकीची निघाली. पोप फ्रान्सिस त्या मुलाला तसे काही बोललेच नव्हते. ज्यांनी छापले त्यांनी पुढे दुरुस्तीही दिली.

आता काय करावे? लेकराचे डोळे कुठे कोरडे झाले होते. खोटे तसेच राहू द्यावे का? आम्ही ठरवले की नाही. लहान मुलाला मरणाबद्दल खोटे सांगितले, तर पुढे पुनरुत्थानाबद्दल सांगू तेव्हा ते कशावर विश्वास ठेवील? "तो पळून गेला", "तो गावाला गेला" असे सांगणारी घरेही आम्ही पाहिली आहेत. त्या मुलांची वाट पाहणे संपत नाही. म्हणून आम्ही तिला जवळ बसवले आणि जे माहीत आहे ते सांगितले, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही.

आम्ही सांगितले की माणसाचा आत्मा अमर आहे, आणि प्राण्याचा जीव तसा नाही, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात शिकवले. म्हणून आपण मृत माणसांसाठी मिस्सा अर्पण करतो तशी शेरूसाठी करत नाही. त्याने पाप केले नाही, त्याला क्षमेची गरज नाही. पण संत पौल रोमकरांस लिहिताना असेही म्हणतो की सारी सृष्टी प्रसूतीच्या वेदनांनी कण्हत आहे आणि तीही नाशाच्या बंधनातून सुटायची वाट पाहत आहे. यशया संदेष्ट्याला देवाचे राज्य दिसले त्यात लांडगा आणि कोकरू एकत्र राहत होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाच्या शेवटाकडे लिहिले आहे की सार्वकालिक जीवनात प्रत्येक जीव तेजोमय होऊन आपली जागा घेईल. कशी, ते त्यांनी सांगितले नाही. ते देवावर सोडले. प्रभू येशू म्हणाला की कवडीमोलाने विकली जाणारी एक चिमणीही पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही. ती पडत नाही असे तो म्हणाला नाही. चिमण्या पडतात. पण नकळत नाही.

धाकटीने विचारले, "म्हणजे शेरू पडला ते देवाला माहीत आहे?" आम्ही म्हणालो, "हो, एवढं नक्की." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग ठीक आहे." आम्हां मोठ्यांना इतक्या लवकर ठीक वाटले नाही, पण उत्तर खरे होते.

तोबीतच्या पुस्तकात एक छोटी गोष्ट आहे, बहुतेकांच्या नजरेतून ती निसटते. तरुण तोबिया लांबच्या प्रवासाला निघतो. सोबत राफाएल देवदूत आहे, पण तो देवदूत आहे हे त्याला ठाऊक नाही. आणि मागोमाग त्याचा कुत्रा चालतो. परत येतानाही कुत्रा आहे. तो काही करत नाही, एक शब्दही त्याच्यावर अधिक लिहिलेला नाही. देवाने तोबियाला देवदूत दिला, म्हणून कुत्र्याला घरी ठेवले नाही. घरी त्याचा आंधळा बाप वाट पाहत होता, ज्याला पुढे दृष्टी मिळाली. आमच्या घरात ही गोष्ट आता वेगळ्या कानांनी ऐकली जाते.

शेवटी थोडे व्यवहाराचे. ज्यांच्याकडे कुत्रे आहे त्यांनी एवढे करावे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली लस द्यावी, मग दर तीन-चार आठवड्यांनी, ते चार महिन्यांचे होईपर्यंत. पुढे वर्षाने पुन्हा, आणि मग डॉक्टर सांगतील तसे. रेबीजची लस वेगळी, तीही चुकवू नये, कारण रेबीज माणसालाही होतो आणि एकदा लक्षणे दिसली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. कुत्र्यांचा पार्व्हो माणसाला होत नाही, तेव्हा आजारी कुत्र्याला भिऊन टाकून देऊ नये, हात स्वच्छ धुऊन त्याची सेवा करावी. उलटी आणि रक्ताचे जुलाब दिसले तर घरगुती उपायात दिवस घालवू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वेळेवर उपचार मिळालेली पुष्कळ कुत्री वाचतात. ज्या घरात या रोगाने कुत्रा गेला तिथली जमीन साध्या फिनाईलने शुद्ध होत नाही, ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरावे. हा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो, म्हणून लस पूर्ण न झालेले नवे पिल्लू लगेच तिथे आणू नये. खड्डा खोल खणावा, विहिरीपासून दूर. आणि लेकरांना निरोप घेऊ द्यावा.

फादरांनी आम्हांला आणखी एक सांगितले. ख्रिस्तसभेच्या आशीर्वादविधींच्या पुस्तकात प्राण्यांना आशीर्वाद देण्याचा विधीही आहे. अनेक ठिकाणी ४ ऑक्टोबरला, संत फ्रान्सिस असिसीकरांच्या सणाला, तो करतात. आपल्या धर्मग्रामातही तसा करता येईल. त्या दिवशी आपण बैल, शेळ्या, कुत्री घेऊन आवारात येऊ शकू. आमची एक सूचना आहे. त्या दिवशी लसीची कार्डेही सोबत आणावीत. आशीर्वाद मागायचा आणि तारीख पाळायची नाही, असे आपल्याकडून होऊ नये. तो महिना नेमका ऑक्टोबरच आहे.

दैवी दयेच्या रविवारी शुभवर्तमानात संत थॉमसची गोष्ट होती. पुनरुत्थित प्रभूने त्याला आपल्या हातांवरचे व्रण दाखवले. मागच्या बाकावर बसून आम्ही ते ऐकत होतो तेव्हा आमच्या नखांत धुऱ्यावरची माती होती. प्रभूच्या नव्या देहातूनही जखमांच्या खुणा पुसल्या गेल्या नाहीत. जे सोसले ते त्याने टाकून दिले नाही. मग आपल्या लहानसहान दुःखांसाठीही त्याच्याकडे जागा असेल, असे आम्हांला वाटते. पुढच्या वेळी कोणी विचारले, "उशीर कसा झाला?" तर आम्ही खरे सांगू.

हे सृष्टीच्या निर्मात्या देवा, तू आमच्याकडे राखायला दिलेल्या जिवांसाठी आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या आळसाने, विसराळूपणाने जे जीव गेले, त्यांबद्दल आम्हांला क्षमा कर. घरातल्या माणसांची आणि दारातल्या मुक्या जिवांची काळजी वेळेवर घेण्याची बुद्धी आम्हांला दे. ज्यांच्या घरी आज शोक आहे, तो लोकांना लहान वाटो की मोठा, त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायला आम्हांला शिकव. आमेन.